सरप्लस सरकारी जागा : विकत घ्यावी की लीजवर?



वास्तुनिधीच्या कामासाठी फोन केले की तीन प्रश्न हमखास येतात. पहिला, "अहो, इथलं सरकार जुन्या बिल्डिंगा फुकटात देतं म्हणे, मग आपण एवढे पैसे कशाला गोळा करतो आहोत?" दुसरा, "कुठल्याशा गावात बंद पडलेली शाळा म्हणे एका डॉलरला गेली. मग आपल्याला का नाही मिळत?" आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून विचारलेला, "लीजच्या जागेत देणगीचा पैसा घालणं म्हणजे दुसऱ्याच्या घराला रंग देण्यासारखं नाही का?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्यांच्या घामाचा पैसा निधीत येतो त्यांनी ते विचारलेच पाहिजेत. वास्तुसमितीतले आम्ही बहुतेक सगळे सॉफ्टवेअरवाले. जागेच्या व्यवहारात मुरलेलं आमच्यात कोणी नाही. म्हणून आधी नियम वाचले, काही रिकाम्या इमारती स्वतः फिरून पाहिल्या, आणि जे समजलं ते या स्मरणिकेत एकत्र मांडतो आहोत. देणगी द्यायची की नाही हे आपण हे वाचून ठरवावं.

सरप्लस म्हणजे नक्की काय?

आपल्या आईवडिलांच्या पिढीला 'डिस्पोजलचा माल' हा शब्द चांगलाच परिचयाचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्याचे ट्रक, तंबू, हत्यारं-अवजारं भारतात लिलावात निघाली. अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली डकोटा विमानं घेऊन तर काहींनी विमान कंपन्या चालवल्या. इकडे अमेरिकेतही तोच प्रश्न होता : युद्धासाठी उभारलेले तळ, कारखाने, रुग्णालयं आणि गोदामभर सामान यांचं पुढे करायचं काय? त्यासाठी १९४४ मध्ये सरप्लस प्रॉपर्टी अ‍ॅक्ट आला. पुढे १९४९ च्या कायद्याने जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे जीएसए, हे खातं निघालं. केंद्र सरकारच्या बहुतेक इमारती आणि जुनं सामान निकाली काढायचं काम आजही मुख्यतः याच खात्याकडे आहे. (टपाल खातं आपल्या इमारती स्वतः वेगळ्या विकतं, ते या रांगेत येत नाही.)

इथे दोन शब्दांतला फरक लक्षात घ्यायला हवा. एखाद्या खात्याला एखादी इमारत नकोशी झाली की ती 'एक्सेस' होते. जीएसए ती बाकीच्या केंद्रीय खात्यांना दाखवतं. त्यांच्यातही कोणी हात वर केला नाही, तरच ती 'सरप्लस' ठरते. म्हणजे आपल्या घरात मोठ्याचे कपडे आधी धाकट्याला, मग चुलतभावाला, आणि मग बोहारणीला, तोच क्रम. फक्त इथे प्रत्येक पायरीला फॉर्म असतो.

रांगेत आपला नंबर कितवा?

सरप्लस ठरलेली केंद्र सरकारची जागा लगेच बाजारात येत नाही. क्रम साधारण असा असतो.

१. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्था. १९८७ च्या मॅकिनी कायद्याने (आता मॅकिनी-व्हेंटो) यांना पहिला मान दिला. सरकारी संस्था किंवा नॉन-प्रॉफिट, दोघांनाही अर्ज करता येतो.

२. सार्वजनिक हिताचे उपयोग. शिक्षण, आरोग्य, बागा आणि मैदानं, ऐतिहासिक वास्तू, विमानतळ वगैरे. यासाठी किमतीत शंभर टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. प्रत्येक उपयोगाला एक पुरस्कर्तं खातं असतं : शिक्षणासाठी शिक्षण खातं, आरोग्यासाठी आरोग्य खातं, बागांसाठी नॅशनल पार्क सर्व्हिस. अर्ज त्या खात्याला पटला पाहिजे.

३. राज्य सरकार, कौंटी किंवा शहराशी वाटाघाटीने विक्री. इथे बाजारभाव द्यावा लागतो.

४. जाहीर लिलाव. इथे कोणीही बोली लावू शकतो : आपलं मंडळ, बिल्डर किंवा एखादा हौशी डेंटिस्ट.

आता यात मंडळ कुठे बसतं? आपण ५०१(सी)(३) नॉन-प्रॉफिट आहोत, पण तेवढ्याने दुसऱ्या पायरीचं दार उघडत नाही. बागांसाठीची जागा फक्त राज्य किंवा स्थानिक सरकारांनाच मिळते. शिक्षणासाठी नॉन-प्रॉफिट चालते, पण खरोखरची, नियमित चालणारी शैक्षणिक योजना दाखवावी लागते. कॅलिफोर्नियातला फोर्ट ऑर्ड हा लष्करी तळ १९९४ मध्ये बंद झाला आणि १९९५ मध्ये तिथे सरकारी विद्यापीठ सुरू झालं. शिक्षणासाठी जागा देणं म्हणजे सरकारच्या डोळ्यांपुढे असं काहीतरी असतं. रविवारी दोन तास चालणारी मराठी शाळा, वर्षाला पाच-सहा कार्यक्रम आणि ज्येष्ठांचा कट्टा यांच्या जोरावर पूर्ण इमारत मागितली तर अर्ज टिकणं अवघड आहे. हे आम्ही स्पष्टच सांगतो, म्हणजे खोटी आशा नको. केंद्र सरकारच्या जागेसाठी आपला खरा नंबर चौथा, लिलावाचा.

एका डॉलरची गोष्ट

एका डॉलरचे व्यवहार होतात, हे खरं आहे. सगळ्यात गाजलेला न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडचा. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकासमोरचं हे १७२ एकरांचं बेट आधी सैन्याकडे होतं, १९६६ पासून १९९६ पर्यंत कोस्ट गार्डकडे. २००३ मध्ये त्यातले २२ एकर राष्ट्रीय स्मारक म्हणून नॅशनल पार्क सर्व्हिसकडे गेले आणि उरलेलं बेट न्यूयॉर्कला नाममात्र एका डॉलरला मिळालं. पण खरेदीखतात अटी आल्या : कायमची घरं बांधायची नाहीत, कॅसिनो काढायचा नाही, सार्वजनिक उपयोग सांभाळायचा. जुन्या इमारती, समुद्रकिनाऱ्याची भिंत, बोटींची ये-जा, सगळा खर्च नव्या मालकाच्या माथी. एक डॉलर ही त्या व्यवहारातली सगळ्यात लहान रक्कम होती.

दीपगृहांचंही तसंच. २००० साली दीपगृहांसाठी वेगळा कायदा झाला. ज्या नॉन-प्रॉफिट संस्था किंवा स्थानिक सरकारं वास्तू जपतील आणि लोकांना पाहू देतील, त्यांना दीपगृह फुकट. कोणी पुढे आलं नाही तर लिलाव. २०२३ मध्ये जीएसएने एकदम दहा दीपगृहं काढली, सहा फुकट आणि चार लिलावात. त्याआधी २०१३ मध्ये बॉस्टन बंदराबाहेरचं ग्रेव्हज लाइट लिलावात ९,३३,८८८ डॉलरला गेलं होतं. दिवा मात्र कोस्ट गार्डचाच राहतो, तो नव्या मालकाला विझवता येत नाही! फुकट मिळालेल्या दीपगृहाच्या संस्थेला गंज, गळती आणि होडीने सिमेंट वाहण्याचा खर्च किती वर्षं करायचा, याचं उत्तर अर्जातच द्यावं लागतं.

म्हणून आम्ही समितीत एक नियम केला आहे. जागा 'फुकट' असं कोणी म्हटलं की लगेच दोन प्रश्न : अटी किती वर्षांच्या? आणि त्या मोडल्या तर काय? शिक्षण आणि आरोग्यासाठी दिलेल्या केंद्रीय जागांवर साधारण तीस वर्षांची अट असते. त्या मुदतीत ठरलेला उपयोग थांबला तर सरकार जागा परत घेऊ शकतं. आज समितीत असलेल्यांची मुलं तोपर्यंत चाळिशीत असतील. मंडळ तेव्हा चालवणार कोण, याचा विचार आजच केला पाहिजे.

गणपती बसवता येईल का?

हा प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण आपल्यासाठी तो कळीचा आहे. सरकारी जागा आणि धर्म यांचं नातं इथे नाजूक आहे. १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज इथल्या सैन्याच्या जुन्या रुग्णालयाची ७७ एकर जागा एका ख्रिस्ती कॉलेजला मिळाली. तिची किंमत ५,७७,५०० डॉलर धरली गेली होती, आणि शंभर टक्के सूट लागू होऊन कॉलेजला काहीच द्यावं लागलं नाही. कॉलेजने तीस वर्षं शिक्षणासाठी वापर करायचं कबूल केलं. चर्च आणि सरकार वेगळे राहावेत म्हणून काम करणाऱ्या एका संस्थेने दावा लावला. तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. जानेवारी १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टाने सांगितलं की केवळ करदाते म्हणून फिर्यादींना हा दावा लावण्याचा अधिकारच नाही. म्हणजे देणगी योग्य होती की अयोग्य, या मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही.

यातून आपण घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे. सरकारकडून जागा घेताना 'परवानगी असलेले उपयोग' हे कलम असतं. तिथे सभा, सांस्कृतिक कार्यक्रम, सण-उत्सव, जेवणाची पंगत, वर्ग, ज्येष्ठांचे उपक्रम हे सगळं आधीच शब्दांत लिहून घ्यायचं. "बघू नंतर" म्हणून सोडायचं नाही. दुसरं, वंश, रंग किंवा मूळ देश यांवरून भेदभाव नको ही अट सरकारी खरेदीखतात आणि करारात येतेच. म्हणून 'फक्त मराठी माणसांसाठी' अशी पाटी लावता येणार नाही. आपला गणेशोत्सव आजही सगळ्यांना खुला असतो, त्यामुळे याची अडचण वाटायचं कारण नाही. पण घटनेत आणि सदस्यत्वाच्या फॉर्मवर तसे शब्द असावेत, हे वकिलाकडून एकदा तपासून घेतलेलं बरं.

आपली खरी संधी : बंद पडलेली शाळा

केंद्र सरकारच्या रांगेत आपण शेवटी असलो, तरी शहर, कौंटी आणि स्कूल डिस्ट्रिक्ट यांच्याकडेही गरज संपलेल्या इमारती असतात, आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. युद्धानंतर जन्मलेल्या मोठ्या पिढीसाठी इथे गल्लोगल्ली शाळा बांधल्या गेल्या. ती पिढी शिकून बाहेर पडली आणि वर्ग ओस पडले. देशातल्या सरकारी शाळांचा पट १९७१ मध्ये साधारण ४ कोटी ६१ लाख होता, तो १९८४ पर्यंत ३ कोटी ९२ लाखांवर आला. शेकडो शाळा बंद झाल्या. काही विकल्या गेल्या, काही पाडल्या. मग पट पुन्हा वाढला आणि ज्यांनी विकल्या त्यांना नव्या जागा महागात घ्याव्या लागल्या. २०२० च्या साथीनंतर बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये पट पुन्हा घटला आहे. पण आता अनेक डिस्ट्रिक्ट शहाणी झाली आहेत. जागा विकण्यापेक्षा लीजवर देणं त्यांना बरं वाटतं.

शाळेची इमारत आपल्याला जितकी सोयीची तितकी दुसरी क्वचितच. वर्ग आहेत, जिम आहे, स्टेज असलं तर दुधात साखर. पार्किंग आहे आणि शेजाऱ्यांना मुलांच्या गजबजाटाची सवय आहे. (ढोल-ताशाची मात्र नाही, ते त्यांच्याशी आधी बोलून घ्यावं.)

स्थानिक सरकार जागा कशी देतं हे राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात शहर-कौंटीसारख्या संस्थांना सरप्लस जमीन आधी परवडणारी घरं बांधणाऱ्यांना देऊ करावी लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने हा नियम आणखी कडक झाला. इतर ठिकाणी शहराच्या मंडळाची किंवा स्कूल बोर्डाची सभा जागा सरप्लस ठरवते, मग प्रस्ताव मागवते. एक गोष्ट बहुतेक सगळीकडे सारखी : या सभा जाहीर असतात. अजेंडा आधी लागतो आणि नागरिकांना दोन-तीन मिनिटं बोलता येतं. जागा जाहिरातीत येते तोपर्यंत बऱ्याचदा वर्षभर तिच्यावर सभांमध्ये चर्चा झालेली असते. म्हणून दोन सभासदांनी आळीपाळीने बोर्डाच्या सभांना बसायचं, असं आम्ही ठरवलं आहे. या कामाला पैसा लागत नाही, फक्त मंगळवारची संध्याकाळ लागते.

हिशोब मांडून पाहू

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, कुठल्याही ठरावीक इमारतीचे नाहीत. आपल्या भागातल्या दरांप्रमाणे ते बदलून पाहावेत.

समजा २०,००० चौरस फुटांची अख्खी शाळा वर्षाला एका डॉलर भाड्याने मिळाली. हीटिंग, वीज, पाणी, विमा, बर्फ काढणं, साफसफाई आणि लहानसहान दुरुस्ती मिळून चौरस फुटाला वर्षाला ६ डॉलर खर्च धरू. झाले १,२०,००० डॉलर. अडीचशे कुटुंबांचं मंडळ असेल तर दर कुटुंबामागे वर्षाला ४८० डॉलर.

आता समजा त्याच शाळेचा ५,००० चौरस फुटांचा एकच भाग घेतला, आणि त्याचं भाडं चौरस फुटाला ५ डॉलर पडलं. खर्चाचे ६ डॉलर धरून ११ डॉलर. वर्षाला ५५,००० डॉलर, म्हणजे कुटुंबामागे २२० डॉलर.

फुकटची शाळा भाड्याच्या भागापेक्षा दुपटीहून महाग पडली! जागा मोठी असेल तर ती भरायला आठवडाभराचे उपक्रम हवेत. उरलेले वर्ग डे-केअरला किंवा दुसऱ्या संस्थेला पोटभाड्याने देता येतात, पण त्यासाठी करारात परवानगी हवी, आणि रोज फोन उचलणारं माणूसही हवं.

दुसरा हिशोब दुरुस्तीचा. समजा छपरासाठी १,५०,००० डॉलर लागणार आहेत. लीज पाच वर्षांचं असेल तर वर्षाला ३०,००० डॉलर अंगावर येतात. पंधरा वर्षांचं असेल तर १०,०००. छप्पर तेच, पैसा तोच, पण एका करारात तो दुसऱ्याच्या घराला रंग देणं ठरतो आणि दुसऱ्यात स्वस्त भाडं. जुन्या सरकारी इमारतींचा मोठा जीर्णोद्धार लांब मुदतीच्या लीजवर होतो तो याच कारणाने. वॉशिंग्टनमधली १८४२ च्या सुमाराची जुनी टपाल कचेरी जीएसएने लांब लीजवर दिली आणि २००२ मध्ये तिथे हॉटेल सुरू झालं. जागा सरकारची, खर्च हॉटेलवाल्यांचा, आणि तो वसूल व्हायला हातात कितीतरी वर्षं.

लीज वाचताना

कराराची भाषा म्हणजे कोडसारखीच : एक 'इफ' नजरेतून सुटला की सगळा अर्थ बदलतो. पुढच्या कलमांपाशी थांबायचं.

मुदत आणि नूतनीकरण. मुदत संपल्यावर ती वाढवायचा हक्क आपला आहे, की डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर आहे?

परत घेण्याचा हक्क. मुलांची संख्या वाढली तर डिस्ट्रिक्ट शाळा परत मागू शकतं का? किती महिन्यांची नोटीस? आपण केलेल्या खर्चाचं न वसूल झालेलं मोल परत मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर असेल तर मोठी दुरुस्ती आपण करायची नाही.

ट्रिपल नेट. यात टॅक्स, विमा आणि देखभाल, तिन्ही भाडेकरूच्या माथी. सरकारी जागेवर एरवी प्रॉपर्टी टॅक्स नसतो, पण खाजगी भाडेकरू आल्यावर काही राज्यांत तो लागू होतो. नॉन-प्रॉफिटला सूट असली तरी तिच्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

छप्पर, बॉयलर, पाइप. हे मोठे तीन खर्च कोणाचे, हे नावानिशी लिहिलेलं हवं.

विकत घ्यायची असेल तर आणखी दोन गोष्टी. केंद्र सरकार सहसा 'क्विटक्लेम डीड' देतं, म्हणजे आमचा जो काही हक्क आहे तो तुम्हाला दिला, त्यापलीकडे हमी नाही. म्हणून टायटलची तपासणी आणि टायटल इन्शुरन्स आपणच पाहायचा. जमिनीत विषारी द्रव्यं साठवलेली किंवा सांडलेली असतील तर त्याची माहिती देणं आणि सफाईची जबाबदारी घेणं केंद्र सरकारवर कायद्याने बंधनकारक आहे, पण ते कागद मागून वाचायचं काम घेणाऱ्याचं. आणि लिलावात पैसे रोखीने, म्हणजे सरकार हप्ते बांधून देत नाही. आधी डिपॉझिट, मग ठरलेल्या मुदतीत बाकी सगळी रक्कम. मुदत चुकली तर डिपॉझिट गेलं. बँकेच्या कर्जाची तयारी बोलीच्या आधीच झालेली हवी.

इमारत बघताना

आम्ही पाहिलेल्या इमारतींत एक गोष्ट समान होती : रंग ताजा, वरचं छत डागाळलेलं. रंगावर जाऊ नये. १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी शिशाच्या रंगावर बंदी आली, त्याआधीच्या भिंतींवर तो असू शकतो. १९८० च्या आधीच्या इमारतींत अ‍ॅस्बेस्टॉसची शक्यता मोठी : पाइपांभोवतीचं आवरण आणि नऊ इंची चौकोनी फरशा ही त्याची ठरलेली ठिकाणं. शाळांना अ‍ॅस्बेस्टॉसच्या तपासणीची कागदपत्रं ठेवावी लागतात, ती मागितली की मिळतात. अ‍ॅस्बेस्टॉस अखंड असेल तर तसाच ठेवून सांभाळता येतो. फरशी उखडायची ठरवली की मात्र खर्च उड्या मारतो.

अपंगांच्या सोयीचा कायदा, एडीए, १९९० चा. त्याआधीच्या शाळांत रॅम्प, लिफ्ट, रुंद दरवाजे आणि बाथरूम यांची कामं निघतात. आपल्याला तर ती कायदा नसता तरी करावीच लागली असती, कारण आपले आजी-आजोबा हेच या जागेचे रोजचे पाहुणे असणार. आणि शेवटी उपयोगाचा बदल. बिल्डिंग कोडमध्ये शाळा हा एक प्रकार आणि सभागृह हा वेगळा प्रकार. शेकडो माणसं एकत्र बसणार असतील तर स्प्रिंकलर, बाहेर पडायचे दरवाजे आणि पार्किंग यांचे नियम वाढतात. फायर मार्शलला सही करण्याआधी बोलवायचं, सही झाल्यावर नव्हे.

खुर्च्या, टेबलं आणि कॉम्प्युटर

इमारतीची वाट पाहताना सामानाचा फायदा मात्र आजही घेता येतो. केंद्र सरकारचं जुनं सामान प्रत्येक राज्यातल्या सरप्लस एजन्सीमार्फत दान म्हणून वाटलं जातं. आकारतात ते फक्त हाताळणीचे पैसे. पात्रता सरकारी संस्थांना, आणि शिक्षण, आरोग्य, बेघर किंवा ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या ठरावीक नॉन-प्रॉफिट संस्थांना. नुसत्या सांस्कृतिक मंडळाला नाही, पण शाळा किंवा ज्येष्ठांचा उपक्रम नियमित आणि स्वतंत्रपणे चालत असेल तर अर्ज करून पाहण्यासारखा आहे. मिळालेली वस्तू वर्षाच्या आत वापरात आणून पुढे वर्षभर तरी वापरावी लागते. घेऊन लगेच विकता येत नाही. १९९६ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने जुने कॉम्प्युटर शाळांना आणि शैक्षणिक नॉन-प्रॉफिटना देण्याचीही सोय झाली.

ज्यांना अटी नकोत त्यांच्यासाठी लिलाव आहेतच. केंद्र सरकारचा 'जीएसए ऑक्शन्स', तर शहरं आणि शाळा बऱ्याचदा 'गव्हडील्स' किंवा 'पब्लिक सरप्लस' या साइटवर माल काढतात. घडीच्या खुर्च्या, कॅफेटेरियाची टेबलं, स्वयंपाकघरातली स्टीलची टेबलं, स्टेजचे प्लॅटफॉर्म असं बरंच काही. माल 'जसा आहे, जिथे आहे' तसा विकला जातो, तक्रारीला जागा नाही. जीएसएच्या लिलावात पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत भरायचे आणि माल दहा कामकाजाच्या दिवसांत उचलायचा. म्हणून बोलीआधी प्रत्यक्ष पाहणी आणि ट्रकची सोय, दोन्ही हवं. शंभर खुर्च्या स्वस्तात मिळाल्या पण ठेवायला कोणाचं गॅरेज रिकामं नाही, असं होऊ नये!

आणि एक इशारा. 'सरकारी मालाची गुप्त यादी' विकणाऱ्या जाहिराती अजूनही येतात. पन्नास डॉलरला जीप ही त्यातली जुनी थाप. खऱ्या याद्या सरकारी साइटवर फुकट आणि उघड्या असतात. यादीसाठी पैसे मागणाऱ्याला एक सेंटही देऊ नये.

मग निधी कशासाठी?

वरचं सगळं वाचल्यावर लक्षात येईल की जागेची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला, आणि कधी कधी तो सगळ्यात लहान असतो. म्हणून वास्तुनिधीचे आम्ही तीन कप्पे सुचवले आहेत.

पहिला, तपासणीचा. इंजिनियर, अ‍ॅस्बेस्टॉस तपासणी, वकील. यातला पैसा 'नको' म्हणण्यासाठीही खर्च होईल, आणि तो वाया गेला असं समजू नये. चुकीच्या इमारतीला वेळेवर दिलेला नकार ही निधीची सगळ्यात मोठी बचत आहे.

दुसरा, एकदाच लागणाऱ्या कामांचा. रॅम्प, बाथरूम, स्वयंपाकघर, आवाजाची व्यवस्था.

तिसरा, राखीव. पूर्ण दोन वर्षांचा चालू खर्च बँकेत असल्याशिवाय कोणत्याही करारावर सही होऊ नये, ही आमची शिफारस आहे. कार्यकारिणी बदलेल, वर्गणी कमी-जास्त होईल, एखाद्या जानेवारीत बॉयलर बंद पडेल. अशा वेळी कुलूप लावायची पाळी येऊ नये म्हणून हा कप्पा.

घाई कशाला, असंही कोणी विचारेल. ताशी भाड्याच्या जिममध्ये आपण इतकी वर्षं कार्यक्रम केलेच की. केले, आणि पुढेही करू शकू. पण ज्या काकाकाकूंनी हे मंडळ एकेकाच्या बेसमेंटमध्ये सुरू केलं, ते आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडताहेत. त्यांतल्या कित्येकांना गाडी चालवता येत नाही. आठवड्यातल्या एका दुपारी चार तास ऊन येणारी खोली, गरम चहा आणि आपल्या भाषेत बोलणारी माणसं, एवढंच त्यांचं मागणं आहे. त्याला वीस हजार चौरस फूट लागत नाहीत. एका शाळेचा एक भाग, पंधरा वर्षांचं लीज आणि बँकेत दोन वर्षांचा खर्च एवढं जमलं तर ती खोली उघडता येईल. ते आज आपल्या आवाक्याबाहेरचं राहिलेलं नाही.

हिशोबाचा नमुना, लीजमधल्या कलमांची यादी आणि इमारत पाहायला जातानाची प्रश्नावली समितीकडे तयार आहे, कोणीही मागून घ्यावी. बांधकाम, विमा किंवा कायद्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या सभासदांनी महिन्यातले दोन तास दिले तर ती देणगी चेकइतकीच मोलाची मानू. आणि बोर्डाच्या सभेला बसायला मंगळवारची संध्याकाळ मोकळी असलेल्यांनी आजच नाव द्यावं.



वास्तुसमितीच्या वतीने